तेलउद्योगाची उतरण: भावाचं चक्र की कायमची? (मुंबई हायच्या निमित्ताने)

दर्याकाठ:

नमस्कार मंडळी,

भाव पडला की 'तेलाचे दिवस भरले' आणि चढला की 'बघा, काही होत नाही', अशी दोन टोकाची मतं ऐकू येतात. १९८६ मध्ये कच्च्या तेलाचा भाव बॅरलमागे १० डॉलरजवळ आला, १९९८ च्या डिसेंबरात पुन्हा तसाच. जुलै २००८ मध्ये १४७, त्याच डिसेंबरात ४० च्या खाली. जून २०१४ मध्ये ११५, जानेवारी २०१६ मध्ये २८ च्याही खाली. २० एप्रिल २०२० ला अमेरिकी भाव शून्याखाली गेला आणि मार्च २०२२ मध्ये १२० च्या वर होता. इथवर पाहिलं तर सरळ चक्र दिसतं.

मुंबई हाय, म्हणजे मुंबईजवळच्या समुद्रातलं ओएनजीसीचं तेलक्षेत्र, मात्र या चक्रात बसत नाही. १९७४ मध्ये 'सागर सम्राट' या खोदकामाच्या जहाजाने तेल शोधलं, २१ मे १९७६ ला उत्पादन सुरू झालं, १९८० च्या दशकात ते रोज साडेचार लाख बॅरलच्या वर पोचलं. आता दीड लाखाच्याही खाली आहे. मधे भाव इतक्या वेळा चढले, पण उत्पादन त्या पातळीला परत गेलं नाही.

उरण-न्हावा पट्ट्यातले फॅब्रिकेशनवाले, बोटवाले, शिवाय पेट्रोलियम इंजिनिअरिंगला प्रवेश घेऊ पाहणारी मुलं, या सगळ्यांसाठी हा प्रश्न महत्त्वाचा आहे. ही उतरण परतणारी आहे का? जाणकारांनी आकड्यांनिशी सांगावं.

चुनखडी:

तुमच्या प्रश्नात दोन वेगळ्या उतरणी एकत्र आल्या आहेत. भाव बाजारात पडतो, तो परत चढतो. क्षेत्र दगडात उतरतं, ते परत चढत नाही. फार तर उताराचा वेग कमी करता येतो.

मुंबई हायचं तेल मुख्यतः चुनखडीच्या थरात आहे. विहीर सुरू झाली की थरातला दाब उतरतो. दाब ठराविक पातळीखाली गेला की तेलात विरघळलेला वायू सुटा होतो आणि तेलाच्या आधी विहिरीकडे धावतो. वायू निघून गेला की तेलाला ढकलणारं बळच जातं. म्हणून समुद्राचं पाणी थरात भरून दाब धरून ठेवतात. हे पाणी तसंच भरता येत नाही. आधी गाळायचं, मग त्यातला प्राणवायू काढायचा, उरलासुरला रसायनाने मारायचा, जिवाणूनाशक घालायचं आणि मगच दाबाने आत सोडायचं. यातली एक पायरी ढिली पडली तरी नळ गंजतात, आणि जिवाणू थरात हायड्रोजन सल्फाइड तयार करू लागतात. तो विषारी असतो, पोलादही खातो. पाणी भरणारी एक लाइन फुटून महिनोन्‌महिने बंद राहिली, तर त्या भागातला दाब पडतो आणि त्याचा फटका पुढची कित्येक वर्षं बसतो.

दुसरी अडचण अशी की चुनखडी एकसारखी नसते. काही पट्टे अगदी सच्छिद्र असतात. भरलेलं पाणी तिथून वाट काढून थेट विहिरीत येतं आणि आजूबाजूचं तेल जागच्या जागी राहतं. मग वॉटर कट, म्हणजे वर येणाऱ्या द्रवातला पाण्याचा हिस्सा, वाढत जातो. प्लॅटफॉर्मची क्षमता रोज १,००० बॅरल द्रव हाताळायची आहे असं धरा. वॉटर कट ८० टक्के असताना तेल २०० बॅरल मिळतं. तो ९० टक्के झाला की १००. टक्केवारी दहाने बदलली आणि तेल निम्म्यावर आलं. पाणी वेगळं करणं, साफ करणं, परत भरणं यांचा खर्च मात्र तेवढाच, किंबहुना जास्तच.

हावरेपणाने तेल ओढलं तर हे सगळं लवकर होतं. १९८९-९० मध्ये देशाचं उत्पादन सुमारे ३.४ कोटी टन होतं, १९९२-९३ मध्ये ते २.७ कोटींवर आलं. त्यात मुंबई हायच्या विहिरी जास्त ताणल्याचा मोठा वाटा होता. वायूचं प्रमाण बेसुमार वाढल्यामुळे कित्येक विहिरी बंद ठेवाव्या लागल्या. भावाचा त्यात काही संबंध नव्हता.

रिगमोजणी:

चुनखडी यांच्याशी क्षेत्रापुरता सहमत. पण उद्योग म्हणजे नुसतं क्षेत्र नव्हे. रोजगाराचा प्रश्न असेल तर अमेरिकेतल्या रिग, म्हणजे विहीर खोदणारी यंत्रणा, मोजा. ऑक्टोबर २०१४ मध्ये तिथे तेलासाठी खोदणाऱ्या १,६०९ रिग होत्या. मे २०१६ मध्ये ३१६ उरल्या, ऑगस्ट २०२० मध्ये १७२. पुढे भाव १२० वर गेला, तरी २०२२ च्या शेवटी रिग सव्वासहाशेच्या आसपासच होत्या. उत्पादन? २०१४ मध्ये रोज सुमारे ८८ लाख बॅरल, २०२४ मध्ये १ कोटी ३२ लाख.

रिग निम्म्याहून कमी आणि तेल दीडपट. आडव्या विहिरी लांबल्या, एका जागेवरून अनेक विहिरी खोदल्या जाऊ लागल्या, आणि कंपन्यांनी पैसा खोदकामाऐवजी भागधारकांकडे वळवला. म्हणजे भाव परतला, उत्पादन वाढलं, पण २०१४ च्या नोकऱ्या परतल्या नाहीत. माझ्या मते याला कायमची घसरण म्हणायला हवं, आणि ती तेल संपल्यामुळे झालेली नाही.

माहूल_नाका:

मागणीची बाजू राहिली. 'तेलाची मागणी' असा एकच आकडा घेऊन बसलात तर फसाल, ती पदार्थागणिक बघावी लागते. जगाचा खप २०१९ मध्ये रोज सुमारे १० कोटी बॅरल होता, २०२० मध्ये ९ कोटींच्या आसपास घसरला, २०२४ मध्ये १० कोटी ३० लाखांच्या घरात होता. करोनाची घसरण म्हणजे तात्पुरता खड्डा होता, तो भरला. पण नॉर्वेत २०२४ मध्ये विकलेल्या दर दहा नव्या गाड्यांपैकी जवळपास नऊ बॅटरीवरच्या होत्या, आणि चीनमध्ये जवळपास निम्म्या बॅटरीच्या किंवा प्लग-इन हायब्रिड (चार्ज होणारी बॅटरी आणि इंजिन दोन्ही असलेल्या). तिथे गेलेलं पेट्रोलचं गिऱ्हाईक भाव उतरला म्हणून परत येत नाही.

आपल्याकडे चित्र निराळं आहे. डिझेल वर्षाला सुमारे ९ कोटी टन, पेट्रोल ४ कोटी टन, आणि दोन्ही अजून वाढतायत. पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल आणि रेल्वेचं विद्युतीकरण यांमुळे वाढीचा थोडा भाग कापला गेला. विमानाचं इंधन आणि प्लास्टिकचा कच्चा माल यांना अजून सोपा पर्याय नाही.

रिफायनरीची खरी अडचण अशी की एका बॅरलमधून फक्त हवा तोच पदार्थ काढता येत नाही. पेट्रोलचा खप घटला म्हणून पेट्रोल बनवणारं क्रॅकिंग युनिट मंद केलं, तर त्याच युनिटमधून मिळणारा प्रोपिलीन आणि एलपीजीही घटतो. पदार्थ बदलायचे तर नवी युनिटं बसवावी लागतात, आणि तेवढा पैसा जुन्या, लहान कारखान्याला परवडत नाही. स्कॉटलंडमधल्या ग्रेंजमाउथने १९२४ पासून चाललेलं शुद्धीकरण एप्रिल २०२५ मध्ये थांबवलं. असे बंद झालेले कारखाने पुढच्या तेजीत उघडत नाहीत. नाणार-बारसूच्या ६ कोटी टनांच्या प्रकल्पाचा वाद जमिनीवरून आणि पर्यावरणावरून झाला, ते योग्यच होतं. पण पुढची ३०-४० वर्षं कुठला पदार्थ खपणार, हा प्रश्न त्या चर्चेत फारसा कुणी विचारला नाही याचं वाईट वाटतं.

दर्याकाठ:

सर्वांचे आभार. चुनखडी, एक शंका. जानेवारी २०२५ मध्ये ओएनजीसीने मुंबई हायसाठी बीपीला तांत्रिक सेवा पुरवठादार म्हणून निवडलं, आणि १० वर्षांत उत्पादन आधाररेषेपेक्षा ६० टक्क्यांपर्यंत वाढेल असं सांगितलं गेलं. मग उतार उलटणार नाही का?

चुनखडी:

त्यात 'आधाररेषेपेक्षा' हा शब्द नीट बघा. आधाररेषा म्हणजे काहीच नवं केलं नाही तर जे मिळेल ते, आणि जुन्या क्षेत्रात ती उतरतीच असते. उदाहरणादाखल आज १,३०,००० बॅरल आणि वर्षाला ६ टक्के उतार धरा. दहा वर्षांनी आधाररेषा ७०,००० वर येते. तिच्यावर ६० टक्के म्हणजे १,१२,०००. वाढ खरी आणि भरपूर मोलाची, तरीही आजच्यापेक्षा कमीच. शिवाय त्या ६० टक्क्यांत वायूही धरला आहे. म्हणून कुठल्याही पुनर्विकासाची बातमी वाचताना आधाररेषेचा आकडा आधी शोधा.

हे जादा तेल येतं कुठून? जुन्या प्लॅटफॉर्मवर नव्या विहिरीला जागा नसते. म्हणून बंद विहिरीच्या केसिंगला, म्हणजे पोलादी अस्तराला, आतून खिडकी पाडतात आणि तिथून आडवं भोक पाण्याने न धुतलेल्या, तेल उरलेल्या पट्ट्यात नेतात, त्याला साइडट्रॅक म्हणतात. पाणी येणारे थर सिमेंटने बंद करतात. गॅस लिफ्टच्या (विहिरीत वायू सोडून तेल हलकं करून वर आणायच्या पद्धतीच्या) झडपा बदलतात. इथे नेहमी बिघडतो तो कंप्रेसर. गॅस लिफ्टवरच्या विहिरी त्या वायूशिवाय उठत नाहीत, त्यामुळे एक कंप्रेसर बसला की एकाच वेळी कितीतरी विहिरी बंद पडतात. कागदावर विहीर 'चालू' असते, तेल मात्र येत नाही. दुरुस्तीचे सुटे भाग हाताशी ठेवणं हा उत्पादन वाढवायचा सर्वांत स्वस्त उपाय आहे, आणि त्याच्याकडे सर्वांत जास्त दुर्लक्ष होतं.

खारेपाट:

थोडी भर. एकच उत्तर समुद्र (नॉर्थ सी), दोन देश. ब्रिटनचं तेल १९९९ मध्ये रोज २९ लाख बॅरलवर होतं, आता सात लाखांच्या आसपास आहे. नॉर्वेचंही २००१ नंतर उतरलं, पण तिथे योहान स्वेर्द्रुप हे मोठं क्षेत्र २०१० मध्ये सापडलं, ऑक्टोबर २०१९ मध्ये सुरू झालं आणि एकटं सात लाख बॅरलच्या वर गेलं. तेलाच्या नफ्यावरच्या कराचा दर आता दोन्हीकडे ७८ टक्केच आहे. फरक असा की नॉर्वेचे नियम फारसे हलत नाहीत, तर ब्रिटनने २०२२ पासून दर वारंवार बदलला. विहिरीचा हिशेब वीस वर्षांचा असतो, त्यात दर वर्षी नवा कर आला की खोदायला कुणी धजत नाही. आपल्याकडेही देशातल्या कच्च्या तेलावर जुलै २०२२ मध्ये लावलेला जादा कर डिसेंबर २०२४ मध्ये काढला, आणि मधे दर पंधरवड्याला दर बदलत होते.

रिगमोजणींच्या मुद्द्यावर मात्र माझं मत वेगळं आहे. आंतरराष्ट्रीय ऊर्जा संस्थेच्या २०२५ च्या अभ्यासानुसार जगभर नवी गुंतवणूक थांबवली तर पुरवठा दर वर्षी रोज सुमारे ५५ लाख बॅरलने घटेल, म्हणजे साधारण ८ टक्के. मागणी उद्या वर्षाला १-२ टक्क्यांनी घसरू लागली, तरी दगडाचा उतार त्याच्या कितीतरी पुढे आहे. ती दरी भरायला खोदकाम, वर्कओव्हर (जुन्या विहिरींची दुरुस्ती), पाणी भरणं चालूच राहणार. आणि मागणी घटेल या भीतीने गुंतवणूक आधीच आटली, तर उतरत्या उद्योगातही भाव भडकू शकतो.

उरणच्या फॅब्रिकेशनवाल्यांनी एका कामाकडे आत्तापासून लक्ष द्यावं: जुने प्लॅटफॉर्म उतरवणं. भारतात समुद्रातलं असं पहिलं काम ताप्ती क्षेत्रात झालं, २०२१ मध्ये. आधी विहीर कायमची बंद करायची: उत्पादनाची नळी काढायची, तेलाच्या थरासमोर आणि वर सिमेंटचे बूच घालायचे, प्रत्येकाची दाबाने चाचणी घ्यायची, मग केसिंग समुद्रतळाच्या खाली कापून काढायचं. त्यानंतर वरचा डेक आणि खालचा सांगाडा. फसतं ते केसिंगमागच्या जुन्या सिमेंटमध्ये. ते फुटलेलं असेल तर वायू बाहेरच्या बाजूने वर येत राहतो आणि केसिंग आतून छेदून तिथे पुन्हा सिमेंट दाबावं लागतं. याला विहिरीची जुनी नोंदवही लागते, आणि तीच बरेचदा अपुरी असते.

प्रवेश घेणाऱ्या मुलांनी विहीर बांधणी, सिमेंटिंग आणि गंजनियंत्रण पक्कं करावं. हे तिन्ही विषय विहीर खोदताना लागतात आणि बंद करतानाही. भूऔष्णिक विहिरींना आणि कार्बन वायू जमिनीत पुरण्यालाही तेच ज्ञान लागतं.

रिगमोजणी:

५५ लाखांचा मुद्दा मान्य. तरी एक लक्षात ठेवा, ती दरी भरणारं खोदकाम पूर्वीपेक्षा कमी माणसांत होईल. कॉलेज निवडताना गेल्या तेजीतले पगार विचारू नका. गेल्या मंदीत, म्हणजे २०१६ आणि २०२० मध्ये, तिथल्या किती मुलांना काम मिळालं ते विचारा.