मदत हवी आहे: रायपूरमध्ये ‘बर्डी’ कुठे सापडेल?

नमस्कार मंडळी,

माझी बदली नागपूरहून रायपूरला झाली आहे. जूनमध्ये रुजू व्हायचं आहे. घरी मी आणि बाबा, दोघंच. बाबा ७६ वर्षांचे, त्यांना काचबिंदू आहे. समोरचं दिसतं, पेपर वाचतात, पण बाजूचं दिसत नाही. स्कूटर चार वर्षांपूर्वी विकून टाकली. तेव्हापासून पायी जिथवर जाता येतं तेवढंच त्यांचं शहर.

रायपूरचा विषय काढला तेव्हा त्यांनी एकच विचारलं, "तिथं बर्डी आहे का?"

मला उत्तर देता आलं नाही. दोन्ही शहरं ज्यांनी पायाखाली घातली आहेत अशा लोकांकडून उत्तर हवं आहे, म्हणून सविस्तर लिहिते.

नागपूरबाहेरच्यांसाठी: बर्डी म्हणजे सीताबर्डी. १८१७ च्या नोव्हेंबरात भोसले आणि इंग्रजांची लढाई जिथे झाली ती टेकडी आणि तिच्या पायथ्याचा बाजार. किल्ला लष्कराच्या ताब्यात आहे. आम्ही "बर्डीवर जाऊन येतो" म्हणतो ते बाजारात.

आम्ही धंतोलीत राहतो. बाबा साडेदहाला निघतात. यशवंत स्टेडियमच्या बाजूने मुंजे चौक, नेताजी मार्केटमध्ये देवाची फुलं, मग मेनरोड, व्हेरायटी चौकापर्यंत आणि परत. गेल्या मंगळवारी मी रजा टाकली आणि त्यांच्या मागे दहा पावलांवर चालले. अडीच तासांत त्यांनी पासबुक भरून घेतलं, चष्म्याचा सैल झालेला स्क्रू बसवून घेतला, मोदी नंबर तीनच्या गल्लीत रेडिओचे सेल घेतले, छत्रीची तुटलेली काडी दुरुस्तीला टाकली आणि घड्याळाचा पट्टा बदलला. घड्याळवाल्याचं दुकान म्हणजे हातभर लांबीची काचेची पेटी. त्याने पट्टे पेटीवर मांडले नाहीत. एकेक पट्टा उचलून बाबांच्या अगदी डोळ्यांसमोर धरला, बाबांनी मान हलवली की पुढचा. कुणी त्याला काही सांगितलं नव्हतं. मी तिथेच एका दुकानाच्या पायरीवर बसून राहिले, उठवेना.

दमले की बाबा इंटरचेंजच्या, म्हणजे बर्डीच्या मेट्रो स्टेशनच्या लिफ्टने वर जातात. एक स्टेशन पुढे झीरो माइल. उतरून थोडं बसतात आणि त्याच मेट्रोने परत. २०१९ मध्ये मेट्रो सुरू झाली तेव्हा मला वाटलं होतं की ही लांबून येणाऱ्यांसाठी आहे. बाबांसाठी ती बसायची जागा झाली आहे.

बर्डीचे दोषही सांगते. मेनरोडवर फुटपाथ नावालाच उरला आहे. दोन वर्षांपूर्वी एका दुचाकीचं हँडल बाबांच्या कोपराला लागलं, पंधरा दिवस हात गळ्यात होता. रात्री दहानंतर शटर पडली की रस्ता ओसाड, कारण दुकानांच्या वर राहणारी माणसं कमी होत गेली. आणि नागपूरचा मध्य अखंड नाही. एकीकडे बर्डी, दुसरीकडे महाल आणि इतवारी, मधे रेल्वेचे रूळ आणि किल्ल्याची टेकडी. बाबा पूर्वी लोहापुलाखालून चालत इतवारीत जायचे. आता ती वाहनांची गर्दी त्यांना झेपत नाही, त्यामुळे अर्धं गाव त्यांच्यासाठी बंद झालं.

आता रायपूर. मार्चमध्ये चार दिवस जाऊन आले. ऑफिसच्या लोकांनी आपुलकीने व्हीआयपी रोडच्या बाजूचे फ्लॅट दाखवले, मग नवा रायपूर, म्हणजे शहराबाहेर वसवलेली नवी राजधानी, दाखवली. नव्या रायपूरसारखे फुटपाथ मी नागपुरात पाहिलेले नाहीत. रुंद, सपाट, कडेला झाडं. पण सकाळी अकराला त्या फुटपाथवर मला दोन माळी आणि एक चौकीदार, एवढीच माणसं दिसली. दुधाची पिशवी आणायलासुद्धा गाडी काढावी लागेल. बाबा तिथे आठवड्यात खचतील.

तिसऱ्या दिवशी मी एकटी जयस्तंभ चौकात उतरले. १० डिसेंबर १८५७ ला वीर नारायणसिंहांना फाशी दिलं ते ठिकाण. चौकातून जाणारा जीई रोड म्हणजे आपल्या नागपूरहून येणारा तोच ग्रेट ईस्टर्न रोड, हे कळल्यावर का कोण जाणे, जरा धीर आला. तिथून मालवीय रोड धरला. चपला, कापड, भांडी, डावीकडे-उजवीकडे गोलबाजारात शिरणाऱ्या गल्ल्या. गोलबाजारात लग्नाचं सामान, पूजेचं साहित्य, जडीबुटी, सगळं खांद्याला खांदा लावून. पुढे कोतवाली, तिथून सदर बाजार. रमतगमत चालत शेवटी बूढा तालाबावर पोचले. वाटेत रूळ नाहीत, टेकडी नाही, उड्डाणपूल नाही. जुनं गाव कुठे संपलं आणि नवं कुठे सुरू झालं ते कळलंच नाही. ही सलगता बर्डीला नाही, आणि वाटेच्या शेवटी पाणी आहे हे तर फारच मोठं.

तरीही मला तिथे बर्डीसारखं वाटलं नाही. का, याचा चार दिवस विचार केला. लोकसंख्येचा फरक आहेच, २०११ च्या जनगणनेत नागपूर २४ लाख आणि रायपूर १० लाख. पण तेवढंच कारण नसावं. मालवीय रोडवर जो येतो तो घ्यायला येतो आणि घेऊन जातो. बर्डीवर निम्मी माणसं दुसऱ्याच कामाला आलेली असतात. कोर्टात तारीख असलेला, विधान भवनाच्या बाजूला अर्ज द्यायला आलेला, मोरभवनला बस बदलणारा, मॉरिस कॉलेजची पोरं, विदर्भ साहित्य संघात कार्यक्रमाला आलेली मंडळी. त्यांना मधे वेळ उरतो, आणि तो वेळ घेऊन ती बर्डीवर येतात. बाबांसारखा नुसता फिरणारा माणूस त्या गर्दीत खपून जातो.

१९५६ मध्ये नागपूरची राजधानी गेली, पण विधान भवन, उच्च न्यायालय, रिझर्व्ह बँक या इमारती शहराच्या मध्यातच राहिल्या. रायपूरला २००० मध्ये राजधानी मिळाली. सुरुवातीला मंत्रालय शहरातच डीकेएस भवनात होतं, २०१२ मध्ये ते नव्या रायपूरला गेलं. आता त्या इमारतीत हॉस्पिटल आहे. बसस्थानकही पंडरीहून भाठागावला हललं. म्हणजे ज्यांच्या हातात दुपारचा रिकामा वेळ असतो तेच लोक मध्यातून उठवले गेले. हे माझं निरीक्षण, चुकत असेन तर जरूर सांगा.

मला हवं आहे ते असं. जयस्तंभ ते बूढा तालाब या पट्ट्यात भाड्याचं घर घेऊन राहिलेलं कुणी आहे का? रात्री तिथे कितपत जाग असते? बाजूचं न दिसणाऱ्या माणसाला कोणत्या वेळी कोणत्या गल्लीतून चालणं बरं? आणि त्याला उगाच तासभर बसता येईल, कुणी "क्या चाहिए" म्हणणार नाही, अशी जागा आहे का?

—

प्रतिसाद १ (रायपूर)

ताई, मी मूळची वर्ध्याची, लग्नानंतर १९ वर्षं तात्यापाऱ्यात. तुमच्या वडिलांसाठी इकडेच बघा. जुनी मराठी घरं आहेत, बाजारात मराठी ऐकू येतं. चौबे कॉलनीत महाराष्ट्र मंडळ आहे, तिथे जाऊन नाव सांगा, चार घरं तेच दाखवतील.

एक गोष्ट कडकपणे सांगते. शारदा चौक ते तात्यापारा हा जीई रोडचा तुकडा फार अरुंद आहे. त्या रस्त्याने त्यांना संध्याकाळी चालू देऊ नका. आतून कंकालीपारा, ब्राह्मणपारा अशा गल्ल्यांनी बूढा तालाबाकडे जाता येतं. गल्ल्यांत दुचाक्या येतात, पण त्यांना जोरात जाताच येत नाही. माझे सासरे ८१ वर्षांचे होईपर्यंत त्याच वाटेने जात होते.

जाग म्हणाल तर आमच्याकडे माणसं घरांत राहतात. दहा वाजता दुकानं मिटली तरी ओट्यावर कुणीतरी असतंच.

—

प्रतिसाद २ (नागपूर)

तुमचं राजधानीचं निरीक्षण पटलं, पण तुलना थोडी एकतर्फी होते आहे असं वाटतं. घड्याळवाला पट्टा डोळ्यांसमोर धरतो ते बर्डीमुळे नव्हे, तुमच्या बाबांच्या इतक्या वर्षांच्या ये-जा करण्यामुळे. गोलबाजारात दोन वर्षं गेली की तिथलाही कुणी धरेल. प्रश्न असा आहे की ७६ व्या वर्षी त्यांच्याकडून ही दोन वर्षं आपण मागावी का. धंतोलीत एखादी विश्वासाची बाई किंवा मुलगा दिवसभरासाठी ठेवून, तुम्ही शनिवार-रविवार येऊन-जाऊन केलं तर? बिलासपूर-नागपूर वंदे भारत आहे, रायपूरला थांबते.

—

धागाकर्ती

दोघांचेही मनापासून आभार. प्रतिसाद २, तुमचं म्हणणं दोन दिवस डोक्यात घोळत होतं. ओळखीचा भाग तुम्ही बरोबर पकडलात, मी तो शहराच्या खात्यात टाकला होता. पण ओळख व्हायलाही माणूस रोज त्याच वाटेने पायी जाऊ शकला पाहिजे. नव्या रायपुरात वीस वर्षं राहूनही बाबांची कुणा घड्याळवाल्याशी ओळख झाली नसती. म्हणून जागा कोणती हे मला महत्त्वाचं वाटतं.

बाई ठेवून त्यांना इथे ठेवण्याबद्दल मी त्यांनाच विचारलं. ते म्हणाले, "मला सांभाळायला माणूस नको, जेवताना बोलायला माणूस पाहिजे." त्यावर मी काही बोलले नाही.

—

प्रतिसाद ३ (अमरावती)

माझ्या आईला हाच त्रास. अनुभवाचं सांगतो. घर ठरवण्याआधी त्यांना सोबत घेऊन तीच वाट सकाळी, दुपारी आणि दिवे लागल्यावर, अशी तीनदा चाला. आपण पुढे राहायचं नाही, मागे राहायचं. ते कुठे थांबतात, कुठे भिंतीला हात लावतात, हे बघायचं. उजेडातून एकदम अंधाऱ्या गल्लीत शिरताना अशा डोळ्यांना वेळ लागतो, तिथेच पाय चुकतो. पायऱ्यांच्या कडा, उघडी नाली, रस्त्यावर आलेले दुकानांचे फलक लिहून ठेवा. वाटेत स्वच्छ मुतारी कुठे आहे तेही बघा. वडीलधारी माणसं हे बोलत नाहीत आणि मग बाहेर पडणंच बंद करतात.

पांढरी काठी घेत नसतील तर एकदा समजावून बघा. आईने वर्षभर नाही म्हटलं. आता तिची काठी बघून गाडीवाले स्वतः थांबतात.

—

धागाकर्ती (तीन आठवड्यांनी)

सगळ्यांना कळवायचं राहिलं होतं. बाबांना घेऊन तीन दिवस रायपूरला जाऊन आले. प्रतिसाद १ मधल्या ताईंनी आपल्याच घरी उतरवलं, जेवू घातलं, त्याबद्दल इथे किती लिहू.

प्रतिसाद ३ मध्ये सांगितलं तसंच केलं. सकाळची फेरी उत्तम झाली. दुपारी ब्राह्मणपाऱ्यात एका वळणावर बाबा थांबले आणि भिंत चाचपली. बघितलं तर समोर ऊन आणि गल्लीत गडद सावली होती. संध्याकाळी मालवीय रोडवर ते दहा मिनिटांत म्हणाले, "चल, परत जाऊ." म्हणजे संध्याकाळ बाद. काठीला होकार मिळाला आहे, पण फक्त रायपुरात, नागपुरात ओळखीच्या लोकांसमोर नको म्हणतात.

बूढा तालाबावर मात्र पाऊण तास बसले. विवेकानंदांचा पुतळा आहे त्या बाजूला तोंड करून. एका निवृत्त मास्तरांशी हिंदीत गप्पा झाल्या. मास्तरांनी लहानपणी ऐकलेली गोष्ट सांगितली, विवेकानंद लहान असताना या गावात राहिले होते ती. बाबांनी त्यांना १९५६ पर्यंत आपण सगळे एकाच प्रांतात होतो, नागपूर तुमचीही राजधानी होती, असं सांगितलं. उठताना मास्तर म्हणाले, "कल आइएगा."

परतीच्या गाडीत मी विचारलं, "मग, आहे का बर्डी?" बाबा म्हणाले, "बाजार आहे. बर्डी नाही. पण तलाव चांगला आहे." आणि गोंदियापर्यंत झोपले.

ताईंच्या घरामागे दोन खोल्यांचं तळमजल्याचं घर तीन महिन्यांसाठी ठरवलं आहे. धंतोलीचं घर तसंच ठेवतो आहोत. बाबांना नाही रुचलं तर परत यायची वाट मोकळी असावी. मेट्रोची सोय तिथे नाही, तेव्हा दमल्यावर बसायला वाटेत दोन जागा ठरवल्या: कोतवालीजवळचं एक औषधांचं दुकान, त्यांनी स्टूल ठेवायचं कबूल केलं आहे, आणि ब्राह्मणपाऱ्यातल्या देवळाचा ओटा.

आता रायपूरकरांना शेवटचं विचारते. नागपूरचा मराठी पेपर तिथे कुणी घरी टाकतं का? टाकत असेल तर किती वाजता येतो? बाबा साडेदहाला निघतात, त्याआधी हातात पडला पाहिजे.