मदत हवी आहे: काकांचं जुनं बोअरिंग मशीन, जीपचं हरिकेन इंजिन आणि खाली एका बाजूला साफ न होणारा बोअर

नमस्कार मंडळी,

पोस्ट लांबणार आहे, पण मापं दिल्याशिवाय कोणी काही सांगू शकणार नाही म्हणून सगळंच लिहितोय.

बाबांची १९७१ ची महिंद्रा जीप आहे, सीजे थ्रीबी, उंच बॉनेटवाली, आणि अजून मूळ पेट्रोल हरिकेन इंजिनवरच आहे. चार सिलिंडर, २१९९ सीसी, इनटेक व्हॉल्व्ह हेडमध्ये आणि एक्झॉस्ट व्हॉल्व्ह ब्लॉकमध्ये. स्टँडर्ड बोअर (सिलिंडरच्या भोकाचा व्यास) ७९.३७५ मिमी, म्हणजे आपल्या शॉपच्या भाषेत तीन इंच एक सूत. लायनर नाही, पिस्टन थेट ब्लॉकमध्येच चालतो. इंजिन ऑइल खातंय, निळा धूर मारतंय, चढाला दम राहिला नाही. सगळे म्हणतात डिझेल इंजिन बसव, आमच्या ओळखीतल्या बऱ्याच जणांनी तेच केलं, पण बाबांना ही जीप त्याच आवाजात परत चाललेली बघायचीय आणि मलाही.

बाहेर बोअरिंगला का देत नाही, तर मागे एकदा दिलं होतं. त्यांनी पिस्टन हातात न घेताच बोअर मारला, पिस्टन आणि भिंतीतला गॅप कमी राहिला आणि घाटात दोन नंबरचा पिस्टन धरला, म्हणजे जाम झाला. तेव्हापासून बाबांनी ठरवलं की यावेळी घरीच करायचं, कारण घरात मशीन आहे.

काकांचं कोल्हापुरात उद्यमनगरात छोटं बोअरिंगचं शॉप होतं. ऑइल इंजिनं, ट्रॅक्टर, अँबॅसेडर, जीप, सगळे ब्लॉक यायचे. काका गेले, शॉप बंद झालं, मशीन वीस वर्षं ताडपत्रीखाली होतं. व्हॅन नॉर्मनचं आहे, अमेरिकेतलं, प्लेटवर स्प्रिंगफिल्ड, मॅसॅच्युसेट्स लिहिलंय, मॉडेल नंबर घासून गेलाय. ज्यांनी बघितलं नसेल त्यांच्यासाठी सांगतो, हे मोठं उभं बोअरिंग मशीन नाही, हे उचलून थेट ब्लॉकच्या डेकवर, म्हणजे हेड बसतं त्या सपाट तोंडावर, ठेवायचं असतं, शेजारच्या सिलिंडरमधून क्लॅम्प घालून आवळायचं, बारमधून सेंटरिंगची बोटं बाहेर येऊन सिलिंडरच्या भिंतीला टेकतात आणि बार आपोआप मधोमध बसतो. मग टूल लावायचं आणि ते वरून खाली कापत जातं. टूल सेट करायला लाकडी डब्यात खास मायक्रोमीटर आहे, त्यावर सरळ बोअरचंच माप वाचता येतं. डब्याला अजून काकांच्या तंबाखूचा वास आहे.

मशीन साफ केलं, जुनं ग्रीस काढलं, नवीन पट्टा टाकला. मोटर ११५ व्होल्ट ६० सायकलची आहे म्हणून २३० चं ११० करणारा ट्रान्सफॉर्मर आणला. चालतं, पण दहा मिनिटांत मोटरला हात लावता येत नाही इतकी तापते.

जीपच्या ब्लॉकला हात लावण्याआधी भंगारातून त्याच इंजिनचा एक स्टँडर्ड बोअरचा ब्लॉक आणला आणि त्याच्या एक नंबर सिलिंडरवर ट्रायल घेतली. कापायच्या आधीचं माप (मिमी) असं:
वर, आडवं (क्रँकला काटकोनात): ७९.५५
वर, क्रँकच्या दिशेत: ७९.४०
अगदी खाली: ७९.३८

दहा थाऊचा (थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग) ओव्हरसाइज धरला, म्हणजे ७९.६३, त्यातले होनिंगला, म्हणजे शेवटी दगडाने घासायला, सात शतांश मिमी सोडून ७९.५६ ला टूल लावलं. बोटं वरून साधारण दीड इंचावर उघडली कारण तिथं टॉर्चने नीट दिसतं. एका दमात वरून खालपर्यंत कट घेतला. नंतर बोअर गेजने बघितलं तर:
वर ७९.५६
मध्ये ७९.५५
खाली ७९.५३

आणि खाली, आडव्या दिशेत एका बाजूला तीन बोटं रुंद पट्टा तसाच राहिलाय, जुनी चकाकी तशीच, टूल तिथं टेकलंच नाही. समोरच्या बाजूला मात्र भरपूर कापलंय. शिवाय अर्ध्यापासून खाली बोअरला बारीक लाटा आहेत, नख फिरवलं की लागतात.

माझे प्रश्न: मशीन झिजलंय का? टेपर (खाली अरुंद होत जाणं) आणि तो न कापलेला पट्टा एकाच कारणाने येतोय का? मोटरचं काय करू?

आणि एक, काकांची वही सापडलीय. प्रत्येक ब्लॉकपुढे गाडी, माप, पिस्टनचं माप, आणि शेवटच्या रकान्यात जवळजवळ प्रत्येक ओळीत नुसतं "खा." लिहिलंय. आम्हाला आजवर वाटायचं खात्यावर, म्हणजे उधारी. पण इतकी उधारी काकांनी कधी ठेवली नसती. कोणाला काही कळतंय का?

———

वाइंडिंगवाला:

मोटरचं मी सांगतो. ६० सायकलची मोटर आपल्या ५० वर चालवली की स्पीड पाच षष्ठांश होतो, ते चालेल. पण व्होल्टेजही त्याच हिशोबाने उतरवावं लागतं, नाहीतर कोअर (मोटरचा लोखंडी गाभा) सॅच्युरेट होतो आणि मोटर रिकामी फिरतानासुद्धा तापते. ११५ चे पाच षष्ठांश म्हणजे ९६ च्या आसपास. तुम्ही ११० देताय, म्हणून तापतेय. ट्रान्सफॉर्मरला १०० चा टॅप काढून घ्या, कोणताही वाइंडर काढून देईल. नवीन मोटर घेऊ नका, ती मोटर अजून पन्नास वर्षं जाईल.

———

जुना टर्नर:

भाऊ, मशीनला दोष देऊ नका, तीन वेगवेगळ्या गोष्टी एकत्र झाल्यात.

पहिली टेपर. टूल वरून खाली जातं. टोक झिजत गेलं की खाली बोअर लहान होत जातो. वर ५६ आणि खाली ५३ म्हणजे टूलची धार वाटेतच गेलीय, आणि त्या लाटाही अर्ध्यापासून खालीच आहेत ना, मग तेच. कार्बाईडचं टोक भिंगाखाली बघा, एक तर कपचा उडाला असेल नाहीतर धार गोल झाली असेल. मशीनवरच हिऱ्याच्या पुडीची चकती असेल, तिच्यावर हलक्या हाताने घासा, हिरव्या दगडावर कसंतरी घासून चालत नाही.

दुसरी तो पट्टा, आणि ही मुख्य आहे. टेपरचा आणि त्याचा काही संबंध नाही. तुमचं वरचं माप बघा, आडवं ५५ आणि खाली ३८, म्हणजे १७ शतांश घासलंय, आणि ते दोन्ही बाजूंना सारखं घासत नाही, स्फोटाच्या वेळी रॉड पिस्टनला ज्या भिंतीवर ढकलतो तिथंच बहुतेक सगळं जातं. तुम्ही बोटं नेमकी त्या घासलेल्या जागी उघडली. बार त्या वाकड्या भोकाच्या मधोमध बसला, म्हणजे मूळ सेंटरपासून घासलेल्या बाजूला सरकला. खाली मूळ सेंटरचा बोअर होता, तिथं समोरची बाजू टूलला लागलीच नाही. त्यामुळे सेंटरिंग करायचं ते खाली, जिथं रिंगा पोचतच नाहीत तिथं.

आता तुमच्या काकांची वही. "खा." म्हणजे खालून. आमच्या मेस्त्रींनीही आम्हाला हेच शिकवलं होतं, सेंटर खालून धरलं का, हे लिहिल्याशिवाय ब्लॉक खाली उतरवायचा नाही.

तिसरी, डेक. जुन्या ब्लॉकला हेडच्या बोल्टांनी भोकांभोवतीचं बीड वर ओढलेलं असतं, डोळ्याला दिसत नाही पण मशीन त्याच्यावर बसलं की तिरकं बसतं. तिरकं बसलं तर बोअर गोलही येतो, सरळही येतो, गेज काहीच दाखवत नाही, फक्त क्रँकला काटकोनात राहत नाही आणि पिस्टन आयुष्यभर एका बाजूला घासतो. म्हणून भोकांच्या तोंडाला हलका चॅम्फर मारा, म्हणजे कड तिरकी घासा, मग मोठा सपाट ऑइलस्टोन डेकवर सगळीकडे फिरवा, उंच जागा चकाकून दिसतील. आणि मेन बेअरिंगच्या बोअरपासून डेकपर्यंत पुढे आणि मागे माप घेऊन बघा, सारखं असलं पाहिजे. मेन कॅप (क्रँकच्या बेअरिंगची झाकणं) लावून, टॉर्क करूनच बोअर मारायचा.

एक आधीच सांगून ठेवतो. खालून सेंटर करून पुन्हा दहाच थाऊ काढलं तर यावेळी पट्टा वरती राहील, घासलेल्या बाजूला. घाबरू नका, त्याचा अर्थ सेंटर बरोबर आहे आणि दहा थाऊ पुरत नाहीत. वीसला जा.

———

बुलेटवाला सातारा:

वरच्यांनी सगळं सांगितलंच आहे, माझी दोनच भर. एक, बोअर मारल्या मारल्या मोजू नका. खोलीपेक्षा वीस डिग्री जास्त गरम असताना ८० मिमीचं बीड दीड-दोन शतांश मोठं दिसतं, आणि तुम्ही तेवढ्याच मापाची भांडणं करताय. रात्रभर ठेवा, पिस्टन आणि ब्लॉक एकाच खोलीत ठेवा, सकाळी मोजा.

दोन, होनिंग झाल्यावर रॉकेल किंवा पेट्रोलने धुवून थांबू नका. त्याने तेल निघतं पण दगडाची भुकटी रेघांत बसून राहते आणि नवीन रिंगा पाचशे किलोमीटरमध्ये खाते. गरम पाणी, कपड्याचा साबण, ब्रश, आणि लगेच कोरडं करून ऑइल. पांढरं फडकं ऑइलमध्ये बुडवून फिरवा, काळं येतंय तोपर्यंत परत धुवायचं. माझा एक बोअर मी याच्यामुळे घालवलाय.

———

धागाकर्ता:

जुना टर्नर, तुमचे आभार कसे मानू कळत नाही. "खा." चा अर्थ बाबांना वाचून दाखवला, ते बराच वेळ वही हातात घेऊन बसले होते.

काल परत ट्रायल घेतली, त्याच भंगार ब्लॉकच्या तीन नंबरवर, तोही एक नंबरइतकाच घासलेला होता. ऑइलस्टोन फिरवल्यावर डेकवर सहा भोकांभोवती चकचकीत कडी उमटल्या, मशीन त्यांच्यावरच बसत होतं. टूलचं टोक भिंगाखाली बघितलं तर खरंच एक कपचा उडालेला, बाजरीच्या दाण्याच्या चौथाईइतकासुद्धा नाही. काकांच्या चकतीवर घासून घेतलं. १०० चा टॅप काढला, मोटर आता कोमट राहते. एक्झॉस्ट व्हॉल्व्हची भोकं फडकी कोंबून बंद केली, नाहीतर बिडाची काळी पूड सगळी आत जाते.

आधी मुद्दाम दहालाच घेतलं. खाली चारी बाजूंनी स्वच्छ, आणि वरती घासलेल्या बाजूला पट्टा, अगदी तुम्ही सांगितलं तिथं. तो बघून मला इतका आनंद झाला की बाबांना हाक मारून दाखवला. मग वीसला, म्हणजे ७९.८८ मधून सात शतांश सोडून ७९.८१ ला. आधी वरून फक्त पाच मिमी कापून थांबलो, गेजने खात्री केली, मग पूर्ण कट. आज सकाळी थंड झाल्यावर:
वर ७९.८१
मध्ये ७९.८१
खाली ७९.८०५

पट्टा कुठेच नाही, लाटा नाहीत, नख कुठं अडकत नाही.

आता जीपचा ब्लॉक. तो मागच्या बोअरिंगमुळे आधीच दहावर आहे, त्यामुळे वीसला साफ होईल की नाही हे खालून सेंटर करून, टूल न लावता, चारही सिलिंडरचं घासलेलं माप काढल्यावरच ठरवणार. नाही झालं तर तीस. पिस्टन त्याशिवाय मागवत नाही, आणि आल्यावर प्रत्येक पिस्टनचं स्कर्ट (खालचा घेर) वेगळं मोजून त्याच्यावर त्याचा नंबर टाकून त्याच्या मापाने त्याचा बोअर.

एकच प्रश्न राहिलाय. पिस्टनच्या खोक्यावर छापलेला गॅप धरायचा, की हरिकेनच्या जुन्या मॅन्युअलमधली पद्धत, पिस्टनच्या बाजूला ३ थाऊची फिलर पट्टी घालून स्प्रिंगकाट्याने ओढून बघायची? मॅन्युअलमधला पिस्टन चिरेचा, म्हणजे स्कर्टला चीर असलेला, होता, आता मिळणारे तसेच असतील असं नाही. ज्यांनी हे इंजिन हल्ली बांधलंय त्यांनी प्लीज सांगा. ब्लॉक रविवारी टेबलावर चढवतोय.

———

जुना टर्नर:

खोक्यावरचा. फिलर पट्टीची पद्धत त्या चिरेच्या पिस्टनसाठीच होती. दोन नंबरचा पिस्टन आधी एकदा धरलाय म्हणालात, तर त्या सिलिंडरला भिंतीवर ॲल्युमिनियम चिकटलेलं असेल, सेंटरिंगच्या आधी ते काढा, बोट नेमकं त्याच्यावर टेकलं तर परत सरकेल. आणि वहीत तुमची ओळ लिहाल तेव्हा शेवटचा रकाना भरा.