प्रतिसाद: साठवलेल्या कापसाची खाज

घरात साठवलेल्या कापसामुळे अंगाला खाज का सुटते, या प्रश्नावर वर दोघांनी ती फवारणीच्या औषधाच्या अंशामुळे होते असं म्हटलंय. मला ते पटत नाही. फवारणीचा अंश असता तर वेचणीच्या वेळीच त्रास जास्त झाला असता. इथे तर भाव वाढेल म्हणून घरात रचून ठेवलेल्या कापसाच्या गंजीला (ढिगाला) काही आठवडे झाले की अंगावर पुरळ उठतंय.

माझा संशय पायमोटिस जातीच्या कोळ्यावर आहे (जाळं विणणारा कोळी नव्हे, अगदी बारीक कीड). हा कापूस खातच नाही. सरकीत दडलेली गुलाबी बोंडअळी हे त्याचं खाणं. कोळ्याची मादी या अळीला चिकटून रस शोषते, तिचं पोट मण्यासारखं फुगतं आणि पिल्लं पूर्ण वाढ झालेलीच बाहेर पडतात. त्यामुळे संख्या भराभर वाढते. बोंडअळी खातो त्या हिशेबाने हा शेतकऱ्याचा मित्रच म्हणायचा, पण गंजीवर झोपणाऱ्याला चावतो! आकार साधारण पाव मिलिमीटर, म्हणून दिसत नाही. चावल्यावर काही तासांनी खाज सुटते. अमेरिकेत १९०९ साली गवताच्या गाद्यांवर झोपणाऱ्यांना असंच पुरळ उठलं होतं, तेव्हा गोल्डबर्गर आणि शॅमबर्ग या डॉक्टरांनी त्यामागे हाच कोळी असल्याचं शोधलं होतं.

ही खरूज नव्हे. कोळी कातडीत घर करत नाही. कापसापासून लांब गेलं, अंघोळ केली, कपडे गरम पाण्यात धुतले की थांबतं. फरदडीचा (हंगाम संपल्यावरही पीक ठेवून घेतलेला) आणि कवडीचा (किडका, नीट न उमललेल्या बोंडांचा) कापूस वेगळा ठेवा आणि आधी विका, अळी त्यातच जास्त. झोपायच्या खोलीत गंजी नकोच. आणि कृपा करून घरात कापसावर कीटकनाशक मारू नका.