मुलीला स्वतःचा फोन कधी द्यावा?

विषय: मुलीला स्वतःचा फोन कधी द्यावा?

नमस्कार मंडळी,

पुढच्या सत्रापासून आमची मुलगी मोठ्या शाळेत जाणार. वय अकरा. आतापर्यंत तिला शाळेत सोडणं-आणणं आम्हीच करायचो. आता ती बसने एकटी येईल आणि आम्ही कामावरून परतेपर्यंत घरीही एकटी असेल. त्यावरून फोनचा विषय निघाला आणि तेव्हापासून घरात दुसरं बोलणं नाही. तिचे बाबा म्हणतात, तेरा वर्षांच्या आत नाही. मला वाटतं, एवढा वेळ तिला आपल्याशी बोलायची सोय नसावी हे बरं नाही. तिचं म्हणणं आणखी निराळं. वर्गातल्या मुलींचा ग्रुप आहे, सगळं तिथेच ठरतं, आणि हिला ते दुसऱ्या दिवशी शाळेत गेल्यावर कळतं. हे सांगताना तिने हट्ट केला नाही, रडलीही नाही. म्हणूनच मला ते जास्त लागलं.

कुठला फोन घ्यावा हे मला विचारायचं नाही. ज्यांची मुलं यातून गेली आहेत त्यांनी कशावरून ठरवलं, ते सांगा. मूल तयार झालंय हे ओळखायचं कसं?

– अकरा वर्षांच्या मुलीची आई

उत्तर: मुलीला स्वतःचा फोन कधी द्यावा?

ताई,

आमचे दोघंही आता तेरा-चौदाच्या पुढे गेले आहेत, त्यामुळे हा वाद आमच्या घरातही भरपूर झालाय. जरा लांबलचक लिहितो.

आधी त्या तेराबद्दल. अमेरिकेत १९९८ साली मुलांच्या ऑनलाइन खासगीपणाचा कायदा झाला. तेरा वर्षांखालच्या मुलाची माहिती घ्यायची तर आधी पालकांची संमती घ्या, असं त्यात सांगितलंय. बहुतेक कंपन्यांनी संमती मिळवत बसण्यापेक्षा तेराखालच्यांना खातंच न देणं पसंत केलं आणि तोच आकडा सगळीकडे रुळला. मुलाला किती कळतं, याचा त्याच्याशी संबंध नाही. देशोदेशी आकडे बदलतातही. भारताच्या २०२३ च्या माहिती संरक्षण कायद्यात अठरा पूर्ण होईपर्यंत मूलच धरलंय. ऑस्ट्रेलियात १० डिसेंबर २०२५ पासून सोळाखालच्यांना मोठ्या समाजमाध्यमांवर खातं ठेवता येत नाही. उलट व्हॉट्सॲपने युरोपातली सोळाची अट २०२४ मध्ये तेरावर आणली. आणि हे सगळे नियम खात्यांचे आहेत, फोनचे नाहीत. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांची संघटनाही फोनसाठी अमुक एक वय सांगत नाही. मूल आणि घर बघून ठरवा म्हणते. मुलीच्या बाबांना हे जरूर वाचून दाखवा. त्यांची काळजी खरीच आहे, फक्त ती तेरावर बांधून ठेवू नये इतकंच.

तुमच्या पत्रात मला दोन गरजा दिसतात, आणि त्या एकमेकींत मिसळल्यात. बसमधून उतरल्यावर तिचा आवाज तुम्हाला ऐकू यावा, ही एक. ती साध्या बटणांच्या फोनने भागते. मैत्रिणींच्या गप्पांत तिला जागा असावी, ही दुसरी. तीही खरी गरज आहे, पण त्यासाठी खिशात इंटरनेट लागतं असं नाही. घरातल्या सगळ्यांचा एखादा टॅब्लेट बैठकीच्या खोलीत राहू शकतो आणि संध्याकाळी ठरावीक वेळ ती त्यावर बोलू शकते. फोन करणं, फोटो काढणं, ब्राउझर, ॲप उतरवून घेणं, ग्रुपमध्ये लिहिणं, अनोळखी लोक जिथे येऊ शकतात अशा जागी वावरणं, ही सगळी वेगवेगळी कामं आहेत. मूल एकासाठी दहाव्या वर्षी तयार असतं आणि दुसऱ्यासाठी पंधराव्या वर्षीही नसतं. गॅस पेटवायला शिकवलं म्हणून त्याच दिवशी आपण सगळा स्वयंपाक मुलांवर सोडत नाही ना? इथेही तसंच एकेक काम सोपवत जायचं.

आता तयारी कशावरून ओळखायची. मार्क, शहाणपणाचं बोलणं, नातेवाइकांनी केलेलं कौतुक, यांवरून काही कळत नाही. आम्ही बघायचो, हातातलं आवडतं काम वेळ झाली की सोडता येतं का. कुरकुर चालेल, कुरकुर सगळेच करतात. पण रोज भांडून, ओढून घ्यावं लागत असेल तर थांबावं. दुसरं, राग आला असताना उत्तर न देता तास-दोन तास गप्प राहता येतं का. ग्रुपवर रागात लिहिलेलं वाक्य मागे घेता येत नाही. पुसलं तरी कुणीतरी स्क्रीनशॉट काढलेला असतो. तिसरं, मित्राला नाही म्हणता येतं का. 'तुझा पासवर्ड दे', 'हा फोटो पुढे पाठव' असं जवळच्या मैत्रिणीनेच म्हटलं तर ती काय करेल? गप्पांच्या ओघात विचारून बघा, उत्तरातून बरंच कळतं.

आणि सगळ्यांत वजन मी ज्याला देतो ते हे: काही वाईट घडलं तर ती आपणहून येऊन सांगते का?

हा प्रश्न अर्धा मुलाचा आणि अर्धा आपला आहे. मुलं सांगत नाहीत, कारण सांगितलं की फोन जातो हे त्यांना माहीत असतं. म्हणून फोन द्यायच्या आधीच आम्ही दोघांनी मुलांना शब्द दिला: तुम्ही स्वतः येऊन जे सांगाल त्यासाठी फोन काढून घेणार नाही. ओरडणारही नाही. सांगायला अपरात्री उठवलंत तरी चालेल. हे लिहायला सोपं आहे, पाळायला जड जातं. ऐकताना आपलाच जीव घाबरा होतो आणि पहिला शब्द रागाचा निघू पाहतो.

हे इतकं ठासून का म्हणतो तेही सांगतो. गेल्या काही वर्षांत पैशांसाठी मुलांना धमकावण्याचे प्रकार खूप वाढलेत. समोरचा मुलगी असल्याचं भासवतो, ओळख वाढवतो, एखादा नको तसा फोटो पाठवायला लावतो आणि पुढच्या काही मिनिटांतच 'पैसे दे, नाहीतर हा सगळ्यांना पाठवतो' म्हणतो. एफबीआय या अमेरिकेच्या तपास संस्थेने यावर वारंवार सावध केलंय आणि १४ ते १७ वयाचे मुलगे याला जास्त बळी पडतात असं सांगितलंय. म्हणजे 'आमचा मुलगा आहे, त्याला काय धोका' हे मनातून काढून टाकावं. अशा वेळी मुलाला तीन गोष्टी तोंडपाठ हव्यात: पैसे द्यायचे नाहीत, काही पुसायचं नाही, लगेच आपल्या माणसाला सांगायचं. २०२३ पासून 'टेक इट डाउन' नावाची मोफत सेवाही आहे. हरवलेल्या आणि शोषित मुलांसाठी काम करणारी अमेरिकेतली राष्ट्रीय संस्था ती चालवते. फोटो आपल्याच फोनमध्ये राहतो, त्याचा फक्त एक डिजिटल ठसा तयार होतो, आणि त्यावरून सहभागी कंपन्या तो फोटो आपल्या जागेवरून काढतात. नाव द्यावं लागत नाही. ही माहिती मुलांना आधीच असू द्या. लागेल तेव्हा शोधण्याइतकं भान त्यांना राहत नाही.

– दोन मुलांचा बाबा

उत्तर: मुलीला स्वतःचा फोन कधी द्यावा?

नमस्कार,

मी शाळेत शिकवते, याच वयाची मुलं रोज समोर असतात. वरच्या पत्राशी सहमत आहे. दोनच गोष्टी जोडते.

पहिली झोपेची. सहा ते बारा वर्षांच्या मुलाला ९ ते १२ तास आणि तेरा ते अठराच्या मुलाला ८ ते १० तास झोप हवी, असं झोपेच्या विकारांवर काम करणारे डॉक्टर सांगतात. फोन उशाशी असेल तर ती होत नाही. कॉमन सेन्स मीडिया या संस्थेने २०२३ मध्ये ११ ते १७ वयाच्या सुमारे दोनशे मुलांचे फोन तपासले. त्यांतल्या निम्म्याहून जास्त मुलांना दिवसाला फोनवर २३७ किंवा त्याहून अधिक सूचना (नोटिफिकेशन) येत होत्या. एवढ्या वेळा कुणी हाक मारली तर मोठा माणूसही भानावर राहणार नाही. मूल तयार आहे का हे बघायच्या आधी ठरवा, की रात्री घरातले सगळे फोन, आई-बाबांचेसुद्धा, झोपायच्या खोलीबाहेर चार्जिंगला लागतील का. गजराला साधं घड्याळ आणा. याला घर तयार नसेल तर मुलीचा फोन थांबवलेलाच बरा.

दुसरी गोष्ट ग्रुपची. ताई, तुमच्या मुलीचं दुःख मी वर्गात बघते, ते खोटं नाही. पण ग्रुपमध्ये शिरलं की एकटेपणा संपला, असंही होत नाही. मोठ्या ग्रुपमधून तिघी-चौघींचा वेगळा ग्रुप निघतो, आणि आपण त्यात नाही हे मग रात्री दहा वाजता कळतं. त्यापेक्षा तिच्या जवळच्या दोघी-तिघींच्या घरी बोला. एकट्या घराने थांबायचं ठरवलं तर त्या घरातलं मूल वेगळं पडतं, चार घरांनी ठरवलं तर तोच वर्गातला रिवाज होतो. आयर्लंडमधल्या ग्रेस्टोन्स गावात २०२३ मध्ये आठ प्राथमिक शाळांच्या पालकांनी असंच आपसांत ठरवलं, की माध्यमिक शाळेत जाईपर्यंत स्मार्टफोन नाही. सरकारी सक्ती नव्हती. ज्यांना पटलं ते त्यात आले.

– एक शिक्षिका

उत्तर: मुलीला स्वतःचा फोन कधी द्यावा?

मंडळी,

थांबा म्हणणारे बरेच लिहितील, म्हणून दुसरी बाजू मांडते. आमच्या मुलाला टाइप वन मधुमेह आहे. त्याच्या दंडावरचा सेन्सर दर थोड्या मिनिटांनी साखर मोजतो, आकडा ब्लूटूथने फोनवर येतो आणि तिथून आमच्या फोनवर. त्यामुळे त्याला स्मार्टफोन नवव्या वर्षीच द्यावा लागला. 'इतक्या लहान मुलाला फोन?' असं लोक तोंडावर विचारतात आणि दर वेळी पोराचा आजार सांगत बसायचा मला मनापासून त्रास होतो. कृपया कुणाच्या मुलाच्या हातात फोन दिसला की त्याच्या आईबापांबद्दल मत बनवू नका.

त्याच्या फोनमध्ये सेन्सरचं ॲप आहे, फोन-मेसेज आहेत आणि नकाशा आहे. ब्राउझर नाही, ॲपचं दुकान बंद. आयफोनमध्ये स्क्रीन टाइम आणि अँड्रॉइडमध्ये फॅमिली लिंक, दोन्हींत हे करता येतं. म्हणजे स्मार्टफोन दिला की सगळं जग दिलं, असं होत नाही. दोन घरांत राहणारी मुलं, ऐकू कमी येणारी मुलं, ज्यांचं बोलणं एखाद्या ॲपच्या आधाराने चालतं ती मुलं, यांनाही वयाच्या आत फोन लागतो. कशाला हवा, हे एका वाक्यात सांगता आलं की बाकीचं ठरवणं सोपं होतं.

– एक आई

उत्तर: मुलीला स्वतःचा फोन कधी द्यावा?

सगळ्यांचे मनापासून आभार. आम्ही दोघांनी सगळी पत्रं एकत्र बसून वाचली. एक विचारायचं राहिलं. तिचे मेसेज आम्ही वाचायचे का? मला चोरून वाचणं पटत नाही आणि न वाचणंही झेपत नाही.

– अकरा वर्षांच्या मुलीची आई

उत्तर: मुलीला स्वतःचा फोन कधी द्यावा?

ताई, चोरून अजिबात नको. एकदा उघडकीला आलं की ती लपवायला शिकेल, आणि ती आपणहून येऊन सांगेल या ज्या एका गोष्टीवर आपण सगळी भिस्त ठेवली तीच जाईल. फोन हातात देतानाच सांगा: सुरुवातीचे काही महिने आठवड्यातून एकदा आपण दोघी मिळून बघू, तू शेजारी असशील, तुझ्या पाठीमागे नाही. मैत्रिणीने विश्वासाने सांगितलेलं काही असेल तर ते आम्ही बाहेर बोलणार नाही. ठिकाण दिसणारी सोय चालू ठेवणार असाल तर तेही सांगून ठेवा. आणि हे बघणं कधी कमी होणार याचाही महिना ठरवा. मुलाला शेवट दिसत असला की ते बंधन सोसतं. आमच्या धाकट्याने तो महिना कॅलेंडरवर लिहून ठेवला होता आणि आम्ही पाळला.

कुलूप लावणाऱ्या ॲपवर मात्र फार विसंबू नका. ती आपल्या मुलाच्या फोनपुरती असतात. बसमध्ये शेजारच्या मुलाने स्वतःचा फोन पुढे केला तर तिथे तिचं तिलाच मान वळवता यायला हवं, किंवा घरी येऊन सांगता यायला हवं.

– दोन मुलांचा बाबा

उत्तर: मुलीला स्वतःचा फोन कधी द्यावा?

दादा, बाई, आणि सगळेच,

आमचं ठरलं. सत्र सुरू होण्याआधी साधा फोन, फक्त फोन आणि मेसेजपुरता. त्यात आमचे दोघांचे, शेजारच्या काकूंचे आणि शाळेचे नंबर. ग्रुप घरातल्या टॅब्लेटवर, बैठकीच्या खोलीत, जेवणाआधी. रात्री सगळ्यांचे फोन बाहेर. यावर तिचे बाबा सगळ्यांत आधी कुरकुरले, पण कबूल झाले. स्मार्टफोनचा विचार सहा महिन्यांनी पुन्हा करायचा, आणि तेव्हा वय न बघता वर लिहिलेल्या गोष्टी बघायच्या. ती यादी तिलाही वाचून दाखवली. 'रागात असताना न लिहिणं' याच्यापुढे तिने स्वतःहून 'हे मला अजून जमत नाही' असं लिहिलं. ते वाचून तिच्या बाबांचा सूर बराच बदलला.

तिच्या दोन मैत्रिणींच्या आयांशी मी बोलले. एक तयार आहे, दुसरीने फोन आधीच दिलाय, पण रात्रीचा नियम तिलाही हवा आहे. आपल्या मंडळात याच वयाची मुलं असलेली आणखी घरं आहेत. ज्यांना यात यायचं असेल त्यांनी मला वेगळी मेल करा. पुढच्या आठवड्यात तासभर सगळ्यांना एकत्र बोलता येईल अशी वेळ ठरवते. मुलांनाही बरोबर बसवायचं का, तेही कळवा. मला बसवावं असं वाटतं.

– अकरा वर्षांच्या मुलीची आई