मदत हवी आहे: पिट्सबर्गमध्ये आई-बाबांना गाडीशिवाय कसं फिरता येईल?

नमस्कार मंडळी, साताऱ्याहून आई-बाबा पहिल्यांदाच माझ्याकडे येताहेत, तेही ऐन डिसेंबरात. मी दिवसभर कामावर. दोघांना घरात कोंडून ठेवायचं जिवावर आलंय.

स्क्विरल हिल भागातून ६१ नंबरच्या बस ओकलंडवरून डाउनटाउनला (शहराच्या मध्यभागी) जातात, २.७५ डॉलरमध्ये बसच्या कार्डावर तीन तास बस बदलता येते, डाउनटाउनमध्ये लाइट रेल (ट्रामसारखी गाडी) फुकट. इतकं बाबांना सहज जमेल. जन्मभर एसटीने फिरलेला माणूस आहे.

अडतंय पेन हिल्स या उपनगरातल्या वेंकटेश्वर मंदिरापाशी. आईला तिथे जायचंच आहे. ईस्ट बसवेवरून पी१ बस विल्किन्सबर्गपर्यंत झटकन नेते, कारण तो रस्ता फक्त बसचा. पण पुढे? गेल्या हिवाळ्यात मी उपनगरातल्या एका स्टॉपवर उतरले, तर वीस पावलांवर फूटपाथच संपला. समोर कमरेएवढा बर्फाचा ढीग, चालायला फक्त गाड्यांचा रस्ता. बाबांच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालंय, त्यांना हे झेपणार नाही.

कुणी आई-वडिलांना तिकडे बसने नेलंय का? शेवटचा टप्पा उबरने केलात तर परतताना गाडी मिळाली का? आणि ६५ वर्षांवरच्यांचा मोफत प्रवास पाहुण्यांनाही मिळतो का? अनुभव असेल तर प्लीज सविस्तर सांगा.