स्पेस स्टेशनवर एरोजेलमध्ये जंतू जिवंत सापडेल का?

गंगापूररोडकर:
मी बीएस्सी मायक्रो लास्ट इयर, नाशिकलाच. सेमिनारला जपानचा तानपोपो प्रयोग घेतलाय, 2015 ला स्पेस स्टेशनच्या किबो मॉड्युलच्या (जपानची लॅब) बाहेर एरोजेलचे (फेसासारखा एकदम हलका घन पदार्थ) ट्रे लावले आणि येईल ती धूळ पकडली तो. आता माझं अडलंय इथे की स्टेशन स्वतःच सेकंदाला साडेसात किमीच्या वर पळतंय, त्यावर कण येऊन आदळणार, मग आतला जंतू जगणार कसा? आणि मेलेलाच मिळणार तर ट्रे लावून उपयोग काय? परवा प्रेझेंटेशन आहे 🙏

सिडकोची_सायन्सवाली:
अरे तू दोन प्रयोग एकत्र करतोयस. एरोजेल फक्त पकडायला, घनसेंटीमीटरला जेमतेम 10 मिलिग्रॅम इतकं हलकं असतं, त्यामुळे कण एकदम फुटत नाही, लांब बोगदा पाडत थांबतो. तरी तापतोच, त्यामुळे तिथे जिवंत पेशीची आशा कमीच, शोधायचं ते ऑरगॅनिक कंपाउंड आणि जंतूचे अवशेष, तेही अवकाशातून आलेले किंवा पृथ्वीवरूनच 400 किमी वर गेलेले. जगतात का हे बघायला वेगळी पॅनल होती, त्यावर वाळवलेला डायनोकॉकस, म्हणजे रेडिएशन सोसणारा बॅक्टेरिया. 2020 ला रिझल्ट आला, अर्धा मिमी किंवा त्याहून जाड थर 3 वर्षं तगले, वरच्या पेशी मेल्या आणि खालच्यांना त्यांचंच छप्पर झालं. ही स्लाइड आधी टाक.

वायनरीतला_क्यूसी:
दिंडोरीकडे वायनरीत क्यूसीला (क्वालिटी कंट्रोल) आहे, आमचं अर्धं आयुष्य 'ही यीस्ट आपली का बाहेरची' यातच जातं, त्यामुळे मला विचारशील तर जिवंत का मेलेला हा प्रश्न नंतरचा, आधी ते कुणाचं ते सांग. स्टारडस्ट यानाने वाइल्ड 2 धूमकेतूची धूळ एरोजेलमध्येच आणली, त्यात नायलॉनच्या पिशवीतलं अमिनो केमिकल पण निघालं!! ग्लायसीन (एक अमिनो आम्ल) मात्र धूमकेतूचंच हे 2009 ला कार्बन-13 च्या (जड कार्बन) प्रमाणावरून ठरवलं, कारण ग्लायसीनला डावं-उजवं रूपच नसतं, त्यामुळे त्या रूपांच्या प्रमाणावरून कुणाचं ते ओळखायची टेस्ट चालत नाही. आणि र्‍युगू लघुग्रहाच्या एका कणावर तर पृथ्वीवर आल्यावर बॅक्टेरिया वाढले, काडीसारखे बॅक्टेरिया दिसले, त्या काड्या आधी वाढत गेल्या मग कमी झाल्या, म्हणजे चक्क ग्रोथ कर्व्ह. तो ग्राफ दाखव, मायक्रोवाले खूश होतील.

निवृत्त_मास्तर:
बाळा, आपल्याकडचं विसरू नकोस. एप्रिल 2005 मध्ये हैदराबादहून इस्रोने बलून सोडला, नारळीकर सर प्रमुख होते, 20 ते 41 किमीवरची हवा आणली. नमुने पुण्याला एनसीसीएस आणि हैदराबादला सीसीएमबी अशा दोन्ही पेशी-संशोधन संस्थांत वेगवेगळे तपासले. 2009 ला बॅक्टेरियाच्या तीन नव्या जाती जाहीर झाल्या, त्यातली एक जॅनिबॅक्टर हॉयली. पण ते अवकाशातूनच आलेत असं ठाम सिद्ध होत नाही हे इस्रोने तेव्हाच सांगितलं होतं. बातम्यांनी काय केलं ते सोड.

गंगापूररोडकर:
भारी! मास्तर, बलून घेतोच. क्यूसी दादा, मग तानपोपोत न उडवलेलं एरोजेल कंट्रोल म्हणून (तुलनेला) ठेवणार ना?

वायनरीतला_क्यूसी:
ठेवावंच लागतं रे, असा कोरा नमुना, म्हणजे ब्लँक, नसेल तर तुझे सर पहिल्याच स्लाइडला पकडतील. आणि स्टेशनमधून पण गॅस, रंगाचे कपचे सुटतात, तेही लिही.