मदत हवी आहे: भावाला किडनी देण्यासाठी नवऱ्याची सही लागते का?

मंजिरी_प: धाकट्या भावाचे डायलिसिस आठ महिन्यांपासून सुरू आहे आणि मी किडनी द्यायला तयार आहे, परंतु "लग्न झालेल्या मुलीने माहेरासाठी पोट फाडून घ्यायचे नसते", असे म्हणत सासूबाईंनी माझी रक्तगटाची चिठ्ठी देव्हाऱ्याखाली सरकवून ठेवली आहे. नवरा काहीच बोलत नाही. मंगळवारी रुग्णालयात पहिली भेट आहे. नवऱ्याची सही लागते का, एवढेच कृपया लवकर सांगावे.

सातारकर: भारतातील १९९४ च्या अवयव प्रत्यारोपण कायद्याप्रमाणे बहीण ही जवळची नातेवाईक ठरते, आणि दाती स्त्री असल्यास तिची संमती स्वतंत्र आहे ना, याची अधिक काळजीपूर्वक खातरजमा करावी लागते.

मंजिरी_प: मी आणि भाऊ, आम्ही दोघेही इंग्लंडमध्ये लेस्टरला राहतो. लिहायचे राहून गेले.

निवृत्त_लॅबवाला: ताई, रक्तगट, वय, साखर आणि मुलेबाळे, यांपैकी काहीच आपण लिहिलेले नाही.

मंजिरी_प: माझा बी, त्याचा ओ. वय ३१, मूल नाही, साखर तपासलेली नाही. सहीचे काय?

हॅरोची_माई: सही लागत नाही. मी यजमानांना किडनी दिली तेव्हा ह्युमन टिश्यू ऑथॉरिटीच्या (अवयवदानावर देखरेख करणाऱ्या इथल्या सरकारी संस्थेच्या) वतीने एक स्वतंत्र मूल्यमापक माझ्याशी एकटीशी बोलले. कोणाचा दबाव नाही ना, पैशांची देवघेव नाही ना, हे त्यांना पाहायचे होते, आणि दुभाषी लागला असता तर तोही घरातला चालला नसता. भूल देईपर्यंत आपण माघार घेऊ शकता. पगार बुडतो त्याची भरपाई मागता येते, तो अर्ज मात्र शस्त्रक्रियेआधीच करा.

वैद्यप्रेमी: पुनर्नवा आणि गोखरूचा काढा तीन महिने देऊन पाहावा, शस्त्रक्रियेची घाई कशाला?

निवृत्त_लॅबवाला: डायलिसिसवरच्या रुग्णाला, पोटॅशियम किती आहे हे ठाऊक नसलेला काढा सुचवू नये. ताई, मूळ अडचण सहीची नाहीच. बी गटाची किडनी ओ गटाच्या रुग्णाला सरळ देता येत नाही. रुग्णाच्या रक्तातील, बी गटाला विरोध करणारी प्रतिपिंडे काढून तसे प्रत्यारोपण काही ठिकाणी होते, नाहीतर २००७ पासून चालू असलेल्या देवाणघेवाणीच्या योजनेत (आपली किडनी दुसऱ्या रुग्णाला आणि त्याच्या दात्याची आपल्या भावाला, अशी) दोघांची नावे घालता येतात, जिच्या जुळण्या दर तीन महिन्यांनी काढतात. इथल्या आपल्या लोकांत दाते थोडे, म्हणून मृत दात्याची वाट पाहणेही लांबते.

हॅरोची_माई: सासूबाईंना अगदीच खोट्यात काढू नका. किडनी दिल्यावर गरोदरपणात रक्तदाब वाढण्याचा धोका थोडा वाढतो, आणि आपल्या लोकांत मधुमेह लवकर येतो, म्हणून तरुण दात्याला डॉक्टर बारकाईने तपासतात. हे दोन्ही प्रश्न मंगळवारी स्वतः विचारा. आपल्यालाच नको वाटले, तर "वैद्यकीयदृष्ट्या योग्य नाही" एवढेच काही ठिकाणी घरी कळवतात, खरे कारण सांगत नाहीत.

सातारकर: असे खोटे कारण सांगणे मला पटत नाही.

हॅरोची_माई: आपल्याला कोणी किडनी मागितलेली नाही.

मंजिरी_प: माई, आभारी आहे. रक्तगट जुळत नाही म्हणजे सगळेच संपले, असे मी धरून चालले होते. आज दिवा लावताना चिठ्ठी काढून घेतली. सासूबाईंनी पाहिले, पण त्या काही बोलल्या नाहीत. नवऱ्याने मंगळवारची रजा टाकली आहे; सोबत यायला की अडवायला, ते मात्र त्याने सांगितलेले नाही.